सागरी स्पंजांतील जिवाणूविरोधी नैसर्गिक संयुगे : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

सागरी स्पंजांपासून मिळणाऱ्या जिवाणूविरोधी संयुगांसंबंधी गेली सहा दशके आणि त्याहून अधिक काळ सातत्याने लेखन होत आले आहे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या चारही शाखांच्या नियतकालिकांतून हा विषय आढळतो. या लेखनाचा विस्तार पाहता स्पंज म्हणजे प्रतिजैविकांचा मोठा खजिनाच आहे, अशी वाचकाची समजूत होणे स्वाभाविक आहे. मात्र औषधांच्या यादीकडे वळल्यास वेगळेच चित्र दिसते. स्पंजातील रेणूंवरून सुचलेली कर्करोगावरील आणि विषाणुजन्य रोगांवरील औषधे उपयोगात आली. स्पंजापासून निघालेले जिवाणूविरोधी औषध मात्र आजतागायत एकही रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही. ही तफावत का निर्माण झाली, आणि तिचे कारण समुद्रात शोधावे की संशोधनाच्या पद्धतीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट झालेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती. नव्या प्रतिजैविकांची निकड याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. अशा वेळी ‘या अर्काने जिवाणूंची वाढ रोखली’ हे विधान कोणत्या आधारावर केले जाते, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

शिरपूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावातून स्पंजांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. आपल्याकडे तापी वाहते आणि ती पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते, इतकाच काय तो आपला समुद्राशी संबंध. अंग घासण्यासाठी खानदेशात गिलक्याची वाळलेली जाळी वापरली जाते. तिलाही कोणी स्पंज म्हणतात, पण ती वनस्पती आहे. तथापि येथील विज्ञान व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी कडुनिंब, तुळस, हळद यांसारख्या वनस्पतींच्या अर्कांची जिवाणूविरोधी क्रिया तपासतात. त्यांची पद्धत आणि स्पंजांवरील बहुसंख्य लेखांची पद्धत एकच आहे. म्हणून स्पंजांच्या संशोधनाचे परीक्षण हे काही अंशी आपल्याच प्रयोगवहीचे परीक्षण ठरते.

स्पंज : प्राणी आणि वसाहत

स्पंज हा प्राणी आहे, हे विद्यार्थ्यांना प्रत्येक वर्षी नव्याने पटवून द्यावे लागते. त्याला तोंड नाही, मज्जासंस्था नाही, स्नायू नाहीत आणि एकदा खडकाला चिकटल्यावर जागा बदलण्याची फारशी सोय नाही. शरीरावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येते, कशाभिका असलेल्या पेशी ते पुढे ढकलतात, त्यातील जिवाणू व अन्नकण गाळून घेतले जातात आणि उरलेले पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर पडते. एक किलोग्रॅम वजनाचा स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो, असा एक नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. या संघाच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून भारतीय समुद्रातील ४८६ जातींची नोंद केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील पी. ए. थॉमस यांनी १९९८ मध्ये दिली आहे.

पळून जाता न येणाऱ्या आणि कवच नसलेल्या प्राण्याने रासायनिक संरक्षण उभारले असावे, हा तर्क या संपूर्ण संशोधन-परंपरेचा पाया आहे. तर्क चुकीचा नाही. मात्र त्याचा पुढचा भाग अनेकदा दुर्लक्षिला जातो. जो प्राणी रोज हजारो लिटर पाण्यातील जिवाणू खातो, त्याच्याच ऊतींमध्ये प्रचंड संख्येने जिवाणू सुखाने राहतात. काही जातींमध्ये स्पंजाच्या एकूण जैवभाराच्या ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत भाग सूक्ष्मजीवांचा असतो. सरसकट जिवाणू मारणारे रसायन बाळगणाऱ्याच्या घरात एवढी वस्ती कशी टिकते? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न न करता लिहिलेला ‘जिवाणूविरोधी स्पंज’ या विषयावरील लेख अपुरा राहतो, असे म्हणावे लागेल.

प्रारंभीचे संशोधन

वर्नर बर्गमन यांनी १९५०-५१ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून नेहमीपेक्षा वेगळी शर्करा असलेली न्यूक्लिओसाइड वेगळी केली. या रचनेवरून पुढे संश्लेषित झालेले सायटॅराबिन १९६९ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर, तर विडॅराबिन १९७६ मध्ये विषाणुजन्य रोगांवर अमेरिकेत मान्यता पावले. सागरी औषधांच्या प्रत्येक लेखाची सुरुवात याच कथेने होते. जिवाणूविरोधी संयुगांशी तिचा संबंध नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जिवाणूविरोधी संयुगांची परंपरा निराळी आहे. १९५९ मध्ये निग्रेली, याकोव्स्का आणि कॅल्व्हेंटी यांनी मायक्रोसिओना प्रोलिफेरा या स्पंजातील ‘एक्टिओनिन’ या सूक्ष्मजीवविरोधी द्रव्याचे वर्णन केले. १९६७ मध्ये जी. एम. शर्मा आणि पॉल बर्कहोल्डर यांनी व्हेरॉन्जिया प्रजातीच्या स्पंजातून ब्रोमीनयुक्त जिवाणूविरोधी संयुग मिळवून त्याची रचना निश्चित केली. १९६९ मध्ये बर्कहोल्डर आणि क्लाउस र्‍यूट्झलर यांनी ‘नेचर’मध्ये अनेक स्पंजांची चाचणी प्रसिद्ध केली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक क्रियाशील असल्याचे दाखविले.

बर्कहोल्डर हे नाव येथे विशेष महत्त्वाचे आहे. व्हेनेझुएलातील मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल देणारा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू मिळवणारे हेच संशोधक. १९६६ मध्ये त्यांनीच एका सागरी जिवाणूपासून ब्रोमीनयुक्त पायरोल प्रतिजैविक मिळाल्याचे नोंदविले होते. म्हणजे माती, स्पंज आणि सागरी जिवाणू या तिन्ही वाटा एकाच संशोधकाने चालून पाहिल्या होत्या. नंतरच्या तीन दशकांत बहुतेकांनी यांपैकी स्पंजाची वाट धरली, कारण स्पंज डोळ्यांना दिसतो, हाताने उचलता येतो आणि मिथेनॉलमध्ये बुडविता येतो. स्पंजातील बहुसंख्य जिवाणू मात्र प्रयोगशाळेच्या माध्यमावर वाढतच नाहीत.

गोव्यातील कार्य

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत जवळचे केंद्र म्हणजे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी केलेल्या स्पंजविषयक कार्यातील तीन लेखांचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल.

पहिला लेख १९९८ चा. परमेश्वरन, नाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलिक्लोना क्रिब्रिक्युटिस या स्पंजातून रेनिएरामायसिन-एच आणि आय ही दोन नवी अल्कलॉइडे नोंदविली. रेनिएरामायसिन वर्गातील पहिली संयुगे १९८२ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील स्पंजातून मिळाली होती आणि त्यांची जिवाणूविरोधी क्रिया तेव्हाच नोंदली गेली होती. दुसरा लेख २००४ मध्ये ‘टेट्राहेड्रॉन’मध्ये आलेला. तिळवी, नाईक, वहिदुल्ला आदींनी सॅमाप्लिसिला पर्प्युरिया या हिंदी महासागरातील स्पंजातील ब्रोमोटायरोसीन अल्कलॉइडांचा अभ्यास करून अनेक नव्या रचना सिद्ध केल्या. त्यांतील काहींनी प्रयोगशाळेत जिवाणूविरोधी क्रिया दाखविली. तिसरा लेख नरसिंह ठाकूर व ए. सी. अनिल यांचा, २००० मधील. त्यांनी इर्सिनिया रॅमोसा या स्पंजाच्या जिवाणूविरोधी क्रियेचा अभ्यास करताना त्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जिवाणूंचे महत्त्व तपासले.

पहिल्या दोन लेखांचे बळ संरचना-निश्चितीत आहे. वर्णपंक्तीवरून अणूंची जोडणी उलगडण्याचे काम त्यांत आहे आणि ते टिकणारे आहे. जिवाणूविरोधी चाचणी ही या प्रकारच्या लेखनात बहुधा शेवटी जोडलेली बाब असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते क्षम्य आहे. अडचण पुढे होते. नंतरचे लेखक हेच कार्य उद्धृत करताना संरचना वगळतात आणि ‘जिवाणूविरोधी’ हे विशेषण तेवढे उचलतात. तिसऱ्या लेखाने मात्र प्रश्नच बदलला. क्रिया कोणाची, स्पंजाची की त्याच्या अंगावरील जिवाणूंची, असे त्याने विचारले. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय स्पंजसंशोधनातील हा महत्त्वाचा टप्पा आहे. त्याला मिळायला हवी तेवढी दाद आपल्या महाविद्यालयीन लेखनात मिळालेली दिसत नाही.

वलयाचे मूल्य

जिवाणूविरोधी क्रिया तपासण्याची आपल्याकडील रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. अगारच्या थाळीवर जिवाणू पसरावेत, मध्यभागी खाच पाडून अर्क घालावा किंवा अर्कात भिजविलेली चकती ठेवावी, रात्रभर उबवावे आणि सकाळी खाचेभोवतीचे स्वच्छ वलय मोजपट्टीने मोजावे. वलय जितके मोठे तितका अर्क प्रभावी, असा निष्कर्ष लिहिला जातो.

हा निष्कर्ष नेहमी बरोबर असतोच असे नाही. वलयाचा व्यास रेणू किती विषारी आहे यावर जसा अवलंबून असतो, तसाच तो रेणू अगारमधून किती सहज पसरतो यावरही अवलंबून असतो. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू दूर जातो. स्पंजातील टर्पिनॉइडे व स्टेरॉइडे तेलकट असतात. ती खाचेतच अडकून राहतात. दुर्बल पण चपळ रेणू मोठे वलय देतो आणि प्रबळ पण जड रेणू लहान. अगारचा थर किती जाड, जिवाणू किती दाट पेरले, यानेही वलय बदलते. १९६६ मध्ये बावर, किर्बी आदींनी ही चाचणी प्रमाणित केली ती ठरावीक मात्रेच्या, शुद्ध व ज्ञात प्रतिजैविकांसाठी. घटक अज्ञात असलेल्या अर्कासाठी तिचा वापर करताना ते प्रमाण आपोआप लागू होत नाही. सागरी अर्काच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट आहे : मिथेनॉलमध्ये समुद्राचे मीठही उतरते. मीठ काढून टाकल्याचा उल्लेख नसलेला अर्क आणि द्रावकाची नियंत्रण-चाचणी नसलेला तक्ता, दोन्हींकडे संशयाने पाहावे लागते.

आता तुलनेचा मुद्दा. अनेक लेखांत मि.लि.मागे काही मिलिग्रॅम अर्क एका बाजूला आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्हींची वलये ‘तुल्यबळ’ ठरविली जातात. एश्चेरिशिया कोलायच्या संदर्भ-वाणावर सिप्रोफ्लॉक्सासिनची किमान रोधक संहती मि.लि.मागे ०.००४ ते ०.०१५ मायक्रोग्रॅम या मर्यादेत अपेक्षित असते. मि.लि.मागे ५ मिलिग्रॅमला क्रिया दाखविणारा अर्क यापेक्षा तीन लाख पटींहून दुबळा आहे. यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की अर्कात क्रियाशील घटक अत्यल्प असेल आणि शुद्ध केल्यावर तो प्रबळ ठरेल. प्रतिवाद योग्य आहे. परंतु मग शुद्धीकरण झालेच पाहिजे. ते न करता लेख संपविणे म्हणजे प्रश्नपत्रिका वाचून दाखवून उत्तरपत्रिका न देण्यासारखे आहे. २००६ मध्ये पॉल कॉस व सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त यासंबंधी स्पष्ट मर्यादा सुचविली : अर्काची क्रिया मि.लि.मागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आणि शुद्ध संयुगाची २५ मायक्रोमोलरच्या खाली दिसली पाहिजे. ही मर्यादा लावल्यास ‘उल्लेखनीय क्रिया’ असा शेरा मिळालेले किती लेख उभे राहतील, हे प्रत्येकाने आपल्या टेबलावरील गठ्ठा तपासून पाहावे.

मराठीतील परिभाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. फिनाईलपासून पेनिसिलिनपर्यंत सर्वांना आपण ‘जंतुनाशक’ म्हणतो. वाढ थांबविणारे ते जिवाणूरोधक आणि ठार करणारे ते जिवाणूनाशक, हा भेद वलयावरून कळत नाही. त्यासाठी किमान रोधक संहती व किमान नाशक संहती या दोन्ही स्वतंत्रपणे काढाव्या लागतात.

वलयाच्या पद्धतीचा याहून मोठा दोष असा की, ती काही मौल्यवान रेणू नापास करते. एजेलास प्रजातीच्या स्पंजांत ओरॉइडिन, ब्रोमोएजेलिफेरिन यांसारखी अमिनोइमिडॅझोल संयुगे आढळतात. अमेरिकेतील क्रिश्चन मेलँडर यांच्या गटाने २००७-०८ पासून या रचनेवर आधारित रेणू तयार केले. हे रेणू जिवाणूंना न मारताही त्यांचा चिकट थर बनू देत नाहीत, बनलेला थर विस्कळीत करतात. असा थर मोडल्यावर जुन्या प्रतिजैविकांना पुन्हा वाट मिळू शकते. न मारणाऱ्या रेणूभोवती वलय पडत नाही. आपल्या थाळीवर तो ‘निष्क्रिय’ ठरला असता.

अर्क काढण्याची रीतही निर्णायक असते. अप्लिसिना प्रजातीच्या स्पंजांत मोठी ब्रोमीनयुक्त अल्कलॉइडे साठविलेली असतात; ऊतीला जखम झाली की विकरांमुळे त्यांचे विघटन होऊन एरोप्लिसिनिन-१ हे अधिक तीव्र जिवाणूविरोधी संयुग तयार होते, असे जर्मन संशोधकांनी १९९३ मध्ये दाखविले. म्हणजे स्पंज समुद्रातच मिथेनॉलमध्ये टाकला की होडीत तासभर पडून राहिला, यावर अर्कात काय सापडेल हे ठरते. ‘नमुना गोळा करून प्रयोगशाळेत आणला’ या एका वाक्यात ही सगळी रसायनक्रिया लपून जाते.

मात्रेचा प्रश्न

स्पंजातून कर्करोगावरील औषध निघाले, पण प्रतिजैविक निघाले नाही, याचे एक कारण अंकगणिताचे आहे. जपानमधील हिराता व उएमुरा यांनी १९८६ मध्ये हॅलिकाँड्रिया ओकाडाय या स्पंजापासून हॅलिकाँड्रिन-बी मिळविले : ६०० किलोग्रॅम स्पंजातून १२.५ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅमसाठी ४८ किलोग्रॅम. न्यूझीलंडमधील एका जातीच्या एक टन स्पंजातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळाले. या रेणूच्या अर्ध्या भागाचे संश्लेषण करून एरिब्युलिन हे औषध तयार झाले आणि २०१० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम असते. अॅमॉक्सिसिलिनची प्रौढ रुग्णाची मात्रा दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास जाते आणि ते घेणाऱ्यांची संख्या कोट्यवधी आहे. मिलिग्रॅमच्या औषधासाठी साठहून अधिक टप्प्यांचे संश्लेषण परवडू शकते. ग्रॅमच्या औषधासाठी ते परवडत नाही. ब्रोमोटायरोसीन संयुगे काही स्पंजांत कोरड्या वजनाच्या काही टक्क्यांपर्यंत असतात, हा अपवाद मान्य करूनही मुद्दा कायम राहतो.

दुसरे कारण विषारीपणाचे. मात्रा ग्रॅममध्ये द्यायची म्हणजे रेणू मानवी पेशीला जवळजवळ निरुपद्रवी असला पाहिजे. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते. आपल्या पेशींना ती भित्तिकाच नाही. रेनिएरामायसिनसारखा रेणू डीएनएला बांधला जातो आणि डीएनए जिवाणूजवळ असते तसे आपल्याजवळही असते. त्यामुळे स्पंजातील अनेक ‘जिवाणूविरोधी’ संयुगे खरे पाहता सर्वसाधारण विषे आहेत. सॅमाप्लिन-ए हे १९८७ मध्ये नोंदविलेले स्पंज-संयुग या दृष्टीने बोलके आहे. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर त्याची क्रिया १९९९ मध्ये दिसून आली. २००१ मध्ये निकोलाऊ यांच्या गटाने त्याच्या धर्तीवर ३,८०० हून अधिक संयुगांचा संच बनवून मूळ रेणूपेक्षा कित्येक पट प्रभावी रेणू शोधले. जिवाणूंविरुद्धची अशी दीर्घ मोहीम विरळाच. तरीही नंतरचे लक्ष मुख्यतः या रेणूच्या मानवी पेशींतील विकरांवरील क्रियेकडे, म्हणजे कर्करोगाकडे वळले.

येथे न्याय्य राहण्यासाठी हेही नमूद केले पाहिजे की प्रतिजैविकांचे अर्थकारणच दुबळे आहे. प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते बनविणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. यात समुद्राचा किंवा थाळीचा काही दोष नाही.

संयुग कोणाचे?

रेनिएरामायसिनच्या रचनेकडे रसायनशास्त्राच्या अभ्यासकाने पाहिले की त्याला सॅफ्रामायसिन आठवते. सॅफ्रामायसिन हे १९७७ मध्ये जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस लॅव्हेंड्युली या जिवाणूपासून मिळालेले प्रतिजैविक. समुद्रातील प्राणी आणि जमिनीवरील जिवाणू यांनी एकच गुंतागुंतीचा सांगाडा स्वतंत्रपणे रचावा, हे संभवनीय वाटत नव्हते. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील मोहम्मद डोनिया यांच्या गटाने ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त उलगडा केला : हॅलिक्लोना स्पंजाच्या पेशींच्या आत राहणारा एक जिवाणू रेनिएरामायसिन तयार करतो. जपानी किनाऱ्यावरील थिओनेला स्विन्होई या स्पंजातील विविध संयुगे एंटोथिओनेला नावाच्या जिवाणूची आहेत, हे यॉर्न पील व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केले होतेच.

याचा अर्थ १९९८ च्या गोव्यातील लेखातील रेणूवर्गाचा खरा कर्ता समजायला एकवीस वर्षे लागली, आणि २००० च्या गोव्यातील दुसऱ्या लेखाने विचारलेला प्रश्न रास्त होता. वर उपस्थित केलेल्या कोड्याचाही काही भाग यामुळे सुटतो : रेनिएरामायसिनचा कारखाना स्पंजाच्या विशिष्ट पेशींत बंदिस्त असतो, संपूर्ण शरीरात पसरलेला नसतो. त्यामुळे संपूर्ण स्पंज वाटून काढलेला अर्क हा त्या वसाहतीचा नकाशा फाडून केलेला लगदा आहे.

कर्ता जिवाणू असेल तर पुरवठ्याचा प्रश्नही बदलतो. याच रेणूकुळातील ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरील औषध समुद्री अॅसिडियन प्राण्यात सापडले. त्याचे उत्पादन मात्र स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या जिवाणूच्या किण्वनातून मिळणाऱ्या सॅफ्रासिन-बीपासून होते. समुद्र उपसावा लागत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गसमोरील आंग्रिया बँकेवर प्रवाळांचे सर्वेक्षण झाले आहे. औषधाच्या नावाखाली तेथून किलोंनी स्पंज उचलण्याची गरज विज्ञानाला उरलेली नाही, ही गोष्ट जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या तरतुदींइतकीच महत्त्वाची आहे.

खानदेशातील प्रयोगशाळेसाठी

या चर्चेतून आपल्या महाविद्यालयांसाठी काही गोष्टी सरळ निघतात. सागरी जिवाणूंचे जनुकसंच वाचणे आपल्या आवाक्यात नसेल, माती आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन शोधले, ते स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या मातीतील जिवाणूपासून. ते जिवाणूंवर नव्हे तर बुरशीवर चालते, तरी महाराष्ट्राच्या मातीतून औषधापर्यंतचा पूर्ण प्रवास झाल्याचे ते उदाहरण आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेले टेक्सोबॅक्टिनही मातीतील अशाच एका जिवाणूचे, जो पूर्वी प्रयोगशाळेत वाढविता येत नव्हता; संशोधकांनी त्याला मातीतच ठेवून वाढविले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत स्ट्रेप्टोमायसिस भरपूर असतात. नांगरटीनंतर पहिला पाऊस पडला की येणारा वास त्यांचाच.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी उपलब्ध चार महिन्यांत शुद्ध संयुग मिळेलच असे नाही, हे मान्य आहे. पदोन्नतीसाठी लेखांची संख्या मोजली जाते आणि वलयाचा तक्ता लवकर तयार होतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीही वलयाऐवजी द्रवमाध्यमातील चाचणी करण्यास मोठा खर्च नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील जिवाणू-संग्रहातून संदर्भ-वाण मिळतात, आणि आपण वेगळे केलेले उपयुक्त जिवाणूही तेथे ठेवता येतात. प्रकल्प संपला की ते नळाखाली धुऊन टाकण्याची प्रथा बंद व्हावी. शहाण्णव खाचांच्या एका प्लेटमध्ये आठ अर्कांच्या अनेक संहती एकाच वेळी तपासता येतात. अठरा ते वीस तासांनी रेझाझुरिनचे काही थेंब घातले की जिवंत जिवाणू असलेल्या खाचा निळ्याच्या गुलाबी होतात आणि जिथे वाढ रोखली गेली तिथे निळा रंग टिकतो. त्या निळ्या खाचांतील थेंब नव्या अगारवर लावला की रोधक आणि नाशक यांतील भेद दुसऱ्या दिवशी कळतो. त्याच अर्काचा एक अंश तांबड्या रक्तपेशींच्या निलंबनात घालून पाहिला, तर पेशी फुटतात की नाही हे तासाभरात दिसते. फुटल्या तर तो अर्क किती प्रभावी आहे, याचा तक्ता छापण्यापूर्वी थांबावे.